शाळेत लेखक आला

गावच्या शाळेत पाहुणे येतात, हे आपण नेहमी पाहतो. तपासणीला साहेब येतात. लस टोचायला दवाखान्यातल्या बाई येतात. झेंड्याला सरपंच येतात, आणि निवडणूक जवळ आली की आणखी पुष्कळजण येतात. मुले उभी राहून नमस्ते करतात. पाहुणे दोन शब्द बोलतात. ते दोन शब्द अर्धा तास चालतात. मग खाऊ वाटतात आणि शाळा सुटते.

या पाठात आपण एका निराळ्या पाहुण्याची माहिती घेऊ. हा पाहुणा म्हणजे मुलांसाठी गोष्टी लिहिणारा लेखक. हा काही तपासायला येत नाही. टोचायला येत नाही. मते मागायलाही येत नाही. तो मुलांबरोबर बस्करपट्टीवर बसतो, गोष्ट सांगतो, आणि मग मुलांनाच म्हणतो, “आता तुम्ही सांगा.”

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? सांगतो.

आम्ही हेडमास्तर होतो तेव्हा आमच्या शाळेत असे एक लेखक आले होते. एस. टी. च्या थांब्यापासून दोन कोस चालत आले. पायांवर धूळ, खांद्याला पिशवी. चौथीच्या वर्गात गेले. आम्ही मुलांना सांगितले, “तुम्ही मागच्या महिन्यात ज्यांचे पुस्तक वाचले, ते हेच.” वर्गात एकदम शांतता पसरली. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलाने हळूच विचारले, “तुम्ही अजून जिवंत हाय?”

आम्हांला हसू आले. पण त्या मुलाचे काही चुकले नव्हते. शाळेच्या पुस्तकात कवितेच्या वर कवीचे नाव असते. नावापुढे कंसात दोन साली असतात. एक जन्माचे, एक मरणाचे. मुलांची समजूत झालेली असते की लिहिणारे सगळे फार पूर्वी होऊन गेले. पुस्तक हे डोंगरासारखे किंवा नदीसारखे आधीपासूनच आहे, ते कुणी बसून केलेले नाही, असे त्यांना वाटते. आपल्यापैकीही कितीजणांना असेच वाटत होते!

लेखकांनी पिशवीतून एक वही काढली. गोष्ट पहिल्यांदा लिहिली ती वही. वहीत जिकडेतिकडे खाडाखोड. एक ओळ लिहिलेली, तिच्यावर काट मारलेली, वर दुसरी लिहिलेली, तीही खोडलेली. समासात बाण काढलेले. मुलांनी वही हातोहात फिरवली. एक मुलगी म्हणाली, “आम्ही एवढी खाडाखोड केली तर गुरुजी मारतील.” पुन्हा सगळे हसले. पण वही पाहिल्यावर मुलांचे चेहरे बदलले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. कुंभाराच्या चाकाजवळ बसून गाडगे होताना पाहिले की मग गाडग्याचे भय वाटत नाही. आपणही चिखलात हात घालावा असे वाटते. तसेच काहीसे झाले.

मग लेखकांनी मुलांना एकच प्रश्न लिहायला दिला. “आज सकाळी जाग आल्यावर तुम्ही पहिला आवाज कोणता ऐकला?” दहा मिनिटे दिली.

वर्गात तीस मुले होती. त्यांतल्या वीस-बावीस जणांनी लिहिले, “कोंबडा आरवला. पाखरे किलबिल करू लागली.” लेखकांनी वाचून घेतले आणि विचारले, “कोंबडा कुणाकुणाच्या घरी आहे?” चार हात वर झाले. बाकीच्यांना ते म्हणाले, “मग हा कोंबडा कुठला? पुस्तकातला ना? तो पुस्तकातच राहू द्या. तुमच्या घरात काय वाजले ते मला सांगा.”

दुसऱ्या खेपेला जे आले ते वेगळेच होते. एकाने लिहिले, सायकलला अडकवलेल्या दुधाच्या किटलीचा आवाज. एकाने लिहिले, आजा खोकतो आणि खोकून झाले की देवाचे नाव घेतो. एकीने लिहिले, आई परातीत पीठ चाळते तेव्हा तिच्या बांगड्या वाजतात, आई रागात असली की जोरात वाजतात. एका मुलाने लिहिले, रात्रीची वीज असते म्हणून बाप मोटर चालू करायला बॅटरी घेऊन मळ्यात जातो, पहाटे परत येतो तेव्हा त्याच्या ओल्या चपलांचा फचफच आवाज येतो, आणि तो आवाज आला की मला परत झोप लागते.

हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाला तोवर आम्ही वर्गातला कच्चा मुलगा समजत होतो, कारण शुद्धलेखनात त्याच्या दहापैकी आठ चुका असत. या वाक्यातही चार चुका होत्या. पण बापाच्या चपलांचा आवाज आला की झोप लागते, ही गोष्ट त्याला कुणी शिकवली होती? कोणत्या पुस्तकात आहे ती? ती त्याची स्वतःची होती. आजवर ती कुणी त्याला विचारली नव्हती, एवढेच.

ही युक्ती काही आजकालची नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला, दूरच्या रशिया देशात असेच घडले होते. ती हकीकत मोठी सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रशियात मॉस्कोपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, तुला शहराजवळ, यास्नाया पोल्याना नावाचे गाव आहे. तेथे लिओ टॉलस्टॉय नावाचा जमीनदार राहत असे. त्याचा जन्म १८२८ सालचा. पुढे तो जगातल्या थोर लेखकांत गणला गेला. गांधीजी त्याला फार मानीत. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली गांधीजींनी सत्याग्रही कुटुंबांसाठी वसाहत काढली, तिला त्यांनी टॉलस्टॉयचेच नाव दिले. तेव्हा हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

त्या काळी रशियातले शेतकरी जमीनदारांचे बांधलेले कुळ होते. जमिनीबरोबर माणसांचीही खरेदी-विक्री होई. ती गुलामगिरी कायद्याने १८६१ साली उठली. त्याच्या दोन वर्षे आधी, १८५९ साली, टॉलस्टॉयने आपल्या गावात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. फी नाही, मारणे नाही. मुलांनी यावे, बसावे, कंटाळा आला तर उठून जावे. स्वतः टॉलस्टॉय शिकवीत असे. तोवर लेखक म्हणून त्याचे नाव झालेले होते.

मुलांना निबंध लिहायला सांगितले की ती रडकुंडीला येत. आपल्याकडे ‘गाय’ या विषयावर निबंध लिहितात, तसलेच काही ते. एके दिवशी टॉलस्टॉय म्हणींचे पुस्तक वाचत होता. त्याला एक म्हण आवडली. तिचा अर्थ असा, की एखादा माणूस चमच्याने भरवतो आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा टोचतो. म्हणजे उपकार करतो आणि मग बोलून दाखवतो. अशी माणसे तिकडेच असतात असे नाही! टॉलस्टॉय मुलांना म्हणाला, “या म्हणीवर गोष्ट लिहा.” मुले म्हणाली, “आम्हांला नाही येत. तूच लिही.”

तो लिहायला बसला. एका शेतकऱ्याने एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला घरात घेतले, अशी गोष्ट. एक पान झाले. फेदका नावाचा एक मुलगा त्याच्या खुर्चीवर मागून चढला आणि खांद्यावरून वाचू लागला. टॉलस्टॉयने पान वाचून दाखवले. मुलांना ते आवडले नाही! एवढा नावाजलेला लेखक, पण मुलांनी स्तुती केली नाही. उलट ती चुका काढू लागली. म्हातारा असे बोलणार नाही. बाई तसे करणार नाही. टॉलस्टॉयने मग लेखणी हातात ठेवली आणि गोष्ट मुलांवर सोडली. मुले सांगत गेली, तो लिहीत गेला.

दोन मुले त्यांत पुढे आली. एक फेदका, दुसरा स्योमका. दोघे अकरा-बारा वर्षांचे. स्योमकाला बाहेरचे सगळे डोळ्यांपुढे दिसत असे. चेहरा कसा, अंगावर काय, पायांत काय. फेदकाला आतले दिसत असे. कोणाच्या मनात काय चालले आहे ते तो नेमके सांगे. गोष्टीत एक शेजारी घाईने येतो. फेदका म्हणाला, “लिही, त्याने अंगावर बायकोचा कोट टाकला होता.” बायकोचाच का, हे तुमच्या-आमच्या लगेच ध्यानात येते. रात्री कुणी दारात हाक मारली तर हाताला येईल ते पांघरूण घेऊन माणूस बाहेर धावतो. मग ती कारभारणीची शाल का असेना! ते एक वस्त्र सांगितले की घाई, थंडी, घर, सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. टॉलस्टॉय चकित झाला. हे आपल्याला सुचले नसते, असे त्याला वाटले.

संध्याकाळी सात वाजल्यापासून रात्री अकरापर्यंत हे काम चालले. मुलांना भूक नाही, थंडी नाही. तो थांबला की ती चिडत. फेदकाने विचारले, हे छापणार काय? आणि छापलेस तर आम्हां दोघांची आणि तुझे, अशी तिन्ही नावे घाल, असेही त्याने बजावले.

पुढे एक घोटाळा झाला. लिहिलेली पाने शाळेतल्या दुसऱ्या मुलांच्या हाती लागली. त्यांनी त्यांचे फटफट वाजणारे कागदी खेळणे करून टाकले. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. टॉलस्टॉय फार खट्टू झाला. ते पाहून फेदका आणि स्योमका म्हणाले, आम्ही परत लिहितो. दोघे रात्री त्याच्या घरी गेले, खोलीत बसले, एकाने सांगितले, दुसऱ्याने लिहिले. मध्यरात्र झाली. गोष्ट पुन्हा उभी राहिली. मग दोघे मेजाखाली अंथरूण टाकून तेथेच झोपले.

यावर टॉलस्टॉयने १८६२ साली एक लेख लिहिला. त्याच्या नावातच त्याने प्रश्न विचारला, की लिहायला कोणी कोणाकडून शिकावे? शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून, की आम्ही त्यांच्याकडून? त्या लेखात त्याने मास्तरांना सांगितले आहे की मुलांचे लिखाण पाहताना वही स्वच्छ आहे का, अक्षर चांगले आहे का, शुद्धलेखन बरोबर आहे का, यावर टीका करू नका. मुलांना मुलांनीच लिहिलेले वाचायला द्या. आणि विषय देताना पोरकट विषय देऊ नका. ज्यात तुमचे स्वतःचे मन रमते तेच मुलांना द्या. आम्ही पस्तीस वर्षे मास्तरकी केली. इतके मोलाचे बोल आम्हांला प्रशिक्षणाच्या पुस्तकात फार थोडे मिळाले.

तो फेदका पुढे काय झाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे खरे नाव वासिली मोरोझोव. तो काही मोठा लेखक झाला नाही. तुला शहरात घोडागाडी हाकून पोट भरीत असे. पण लिहिणे त्याने सोडले नाही. आपल्या या गुरूच्या आठवणी त्याने लिहून ठेवल्या, त्या त्याच्या मरणानंतर १९१७ साली छापल्या गेल्या. टॉलस्टॉयवर विद्वानांनी पुष्कळ ग्रंथ लिहिले आहेत. पण शाळेत मास्तर कसा दिसे, कसा हसे, हे गाडीवानानेच लिहावे लागले.

आता या कामातली एक अडचण सांगतो. ती लपवण्यात अर्थ नाही.

मुलाला खरे लिहायला सांगितले की मूल खरेच लिहिते. आमच्या त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. पहिल्या आवाजाच्या प्रश्नावर तिने लिहिले, “मुकादमाच्या फटफटीचा आवाज. मुकादम आला की आजी मला दारात पाठवते. मी सांगते, बाबा घरी नाहीत. बाबा कणगीमागे बसतात.” तिने ते उभे राहून वर्गात वाचले. मुले हसली. संध्याकाळपर्यंत गावभर झाले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तिचा बाप दारात उभा. उचल घेतलेली, फिटलेली नाही, त्यात हे. तो म्हणाला, “गुरुजी, पोरगी शिकायला धाडली. घरचं उणं चव्हाट्यावर मांडायला न्हाई.” आवाज चढलेला होता. मुलगी खांबाआड उभी होती.

आम्ही त्याला बसायला सतरंजी दिली, पाणी दिले. तिची वही त्याच्या हातात दिली. त्या वर्षी गावात रात्रीचा साक्षरता वर्ग चालू होता आणि हा गृहस्थ त्या वर्गाला येत असे. आम्ही म्हणालो, “लोकांनी सांगितलेलं ऐकलंत. आता लिहिलेलं वाचा.”

तो वाचू लागला. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवीत. तुम्हीही काही महिन्यांपूर्वी असेच वाचत होता. आठवते ना? मुलीने वर्गात वाचले त्याच्या पुढेही काही लिहिले होते. तिने लिहिले होते, “बाबा कणगीमागे बसतात तेव्हा मला भीती वाटते. तिथे धूळ आहे. बाबांना धुळीनं शिंका येतात. शिंक आली तर मुकादमाला कळेल. मी दारात उभी राहून मनात म्हणते, शिंक येऊ नको, शिंक येऊ नको.”

बापाने ते दोनदा वाचले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “शिंकेचं खरं हाय.”

थोड्या वेळाने त्याने विचारले, “हे छापणार काय तुम्ही?” मुलांच्या लिखाणाचे हस्तलिखित काढायचे आम्ही ठरवले होते, ते त्याच्या कानावर गेले होते. आम्ही मुलीला जवळ बोलावून विचारले. ती म्हणाली, “नगं.” म्हणून त्या अंकात ते पान घातले नाही. जाताना बाप म्हणाला, “पण पान फाडू नका.”

मंडळी, यात बापाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. कर्ज काढावे लागते, तोंड लपवावे लागते, आणि त्याचे हसे व्हावे, हे कुणाला आवडेल? पण मुलीचेही चुकले नाही. तिने बापाची बदनामी केली नव्हती. ती दारात उभी राहून त्याची राखण करीत होती. पण ते कळायला पान शेवटपर्यंत वाचावे लागले. गावाने अर्धेच ऐकले होते.

तेव्हापासून आमच्या शाळेत आम्ही एक रीत पाडली. मुलाने जे लिहिले ते मुलाचे. ते मोठ्याने वाचायचे का, भिंतीवर लावायचे का, अंकात घालायचे का, हे आधी त्याला विचारायचे. घरातल्या माणसांविषयी असेल तर त्याच्या घरीही विचारायचे. नको म्हणाले तर वहीत ठेवायचे. पण लिहिले म्हणून मारायचे नाही. एकदा लिहिल्याबद्दल मार बसला की मूल पुन्हा तो पुस्तकातला कोंबडा आणून बसवते, आणि मग तो जन्मभर आरवत राहतो.

हस्तलिखित म्हणजे काय, ते आता सांगतो. हाताने लिहिलेले मासिक म्हणजे हस्तलिखित. त्याला छापखाना लागत नाही. आपल्या महाराष्ट्रात शाळाशाळांतून ही रीत जुनी आहे. साने गुरुजींचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९२४ ते १९३० या काळात ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहाच्या मुलांची जबाबदारीही त्यांच्यावर होती. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. दैनिक, बरे का! शिकवणे, मुलांची सेवा, आणि त्यातून हे. त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली ती पुढे १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. म्हणजे त्या वसतिगृहातल्या मुलांजवळ लेखक पाहुणा म्हणून आला नव्हता, तो त्यांच्याजवळ राहतच होता. पण असे भाग्य प्रत्येक शाळेला कुठून मिळणार? म्हणून पाहुणा बोलवायचा.

हस्तलिखिताला खर्च थोडा. आखीव कागद, पुठ्ठा, दाभण, दोरा. मुलांनी चांगल्या अक्षरात आपापले पान लिहायचे. चित्रे त्यांनीच काढायची. पाने जुळवून दाभणाने तीन भोके पाडायची, दोरा ओवून गाठ मारायची. पुठ्ठ्यावर रंगीत कागद खळीने चिकटवायचा. खळ जरा घट्ट करावी, नाहीतर कागदाला फुगे येतात. त्यात थोडा मोरचूद घालतात म्हणजे झुरळे लागत नाहीत. मोरचूद विषारी असतो, तेव्हा ते काम मोठ्या माणसाने करावे, मुलांच्या हाती देऊ नये. असा एक अंक झाला की तो एकेका घरी एकेक दिवस फिरवावा. साक्षरता वर्गात वाचायला यापेक्षा चांगले पुस्तक मिळणार नाही, कारण त्यात तुमच्याच गावची नावे, तुमचेच ओढे आणि तुमच्याच म्हशी असतात.

आणि भाषा? मुले ‘हाय’, ‘न्हाई’, ‘नगं’ लिहितात. ते खोडावे काय? आमचे मत असे. माणसांचे बोलणे असेल तर जसे बोलले तसेच राहू द्यावे. आजीच्या तोंडी पुस्तकी भाषा घातली तर ती आजी राहत नाही, बाई होते. बाकीचा मजकूर शेवटी, पक्का करताना, मुलाजवळ बसून सुधारावा. पण आधी वाचावे, मग सुधारावे. तांबडी शाई घेऊन वाचायला बसले की डोळ्यांना चुकाच दिसतात, चपला दिसत नाहीत.

घरी तुमच्याकडून काय लागते? फार नाही. मूल लिहीत बसले तर “काय रिकामे उद्योग चाललेत?” असे म्हणू नये. शेळ्या बांधायच्या असतील तर जरूर सांगाव्या, पण ओळ पुरी होऊ द्यावी. दिव्याजवळची जागा द्यावी. आणि एक करावे. तुमची गोष्ट त्याला सांगावी. विहिरीला पाणी कसे लागले, बहात्तरच्या दुष्काळात घरातली मंडळी खडी फोडायला कोठे गेली, तुमच्या आईला कोणती ओवी येत होती. १९७२ चा तो दुष्काळ आता थोड्याच माणसांच्या आठवणीत उरला आहे. मुलाला लिहायला हात आहे, तुमच्याजवळ माल आहे. आता तर तुम्हांलाही लिहिता येते. मुलाच्या पानाखाली चार ओळी तुम्ही लिहिल्यात तर बिघडत नाही.

लेखक बोलवायचा असेल तर कसा बोलवावा, हेही सांगून ठेवतो. काही शाळांत लेखक बोलवतात आणि मंडप घालतात. पाच गावची पाचशे मुले उन्हात बसवतात. हार, शाल, नारळ, तीन भाषणे. लेखकाला ध्वनिक्षेपकावर बोलायला लावतात. मागच्या मुलांना तो दिसतही नाही. काही लेखकही असे असतात की आपल्या पुस्तकांचा गठ्ठा विकून पुढच्या गाडीने जातात. अशा भेटीतून फारसे काही हाती लागत नाही. एक वर्ग पुरे, तीस-चाळीस मुले. दोन तास तरी हवेत. आणि भेटीच्या आधी मुलांनी त्याचे एखादे पुस्तक वाचलेले हवे, निदान शिक्षकांनी वाचून दाखवलेले हवे. नाहीतर मुले विचारणार काय?

प्रसिद्ध लेखकच हवा असेही नाही. तालुक्याच्या गावी मासिकांत लिहिणारे एखादे शिक्षक असतात, पोस्टातून निवृत्त झालेले कुणी असते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंक शाळेच्या पेटीत असले तर काढून पाहावे. आपल्याच जिल्ह्याचे एखादे नाव त्यात सापडेल.

बोलावण्याचे पत्र मुलांनी लिहावे. मुलांच्या अक्षरातले पत्र लेखकाला टाकवत नाही. पत्ता सापडत नसेल तर त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत प्रकाशकाचा पत्ता असतो, त्या पत्त्यावर पाठवावे, ते पुढे पोचवतात. पत्रात आपली ओळख द्यावी. कोणते पुस्तक वाचले ते लिहावे. त्यातले काय आवडले आणि काय पटले नाही, दोन्ही लिहावे. एस. टी. कुठवर येते आणि थांब्यापासून शाळा किती लांब आहे ते स्पष्ट लिहावे. येण्याजाण्याचा खर्च गावाने वर्गणीतून द्यावा, आणि तसे पत्रात आधीच कळवावे. जेवण कोणाच्या घरी ते ठरवून ठेवावे. भाकरी, पिठले, ठेचा, काकवी असली तर काकवी. त्यासाठी वेगळा स्वयंपाक घालू नये.

पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत बोलवू नये, कारण तेव्हा वर्गात निम्मी मुले नसतात. ऊसतोडीच्या गावांनी दिवाळीच्या आधी बोलवावे. महिनाभरात उत्तर आले नाही तर मुलांना दुसरे पत्र लिहायला सांगावे.